रामबागेतल्या ऑफिसची दुसरी खेप

२०२० च्या डिसेंबरात, दिवाळीपूर्वी पुरे करून दिलेली एक खोली पाहायला मी इंदूरच्या रामबागेत गेले, तेव्हा त्या खोलीत कोणीच नव्हते. मेज चकचकीत होते, खुर्चीवरचे प्लॅस्टिकचे आवरणही निघालेले नव्हते, आणि ज्यांच्यासाठी ती खोली तीन महिने खपून केली होती, ते वकीलकाका आत स्वयंपाकघरालगतच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरण्या बाजूला सारून, एका अपिलाचा मसुदा लिहीत बसले होते. मला पाहून ते थोडे ओशाळले. “अगं, खोली फार छान झाली आहे,” ते म्हणाले, “म्हणूनच वापरवत नाही.” इंदुरात अंतर्गत सजावटीचे काम करू लागल्याला मला तेव्हा सोळा वर्षे झाली होती, आणि इतक्या सौम्य शब्दांत मला कोणी नापास केले नव्हते.

काका माझ्या वडिलांचे मित्र. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात त्यांची चाळीस वर्षांची वकिली. घर जुने, रस्त्याकडे ओटला, ओटल्यावरून आत शिरले की दहा बाय बाराची बैठक. अशील तिथेच येत, काका तिथेच कुठेतरी बसून कामही करीत, पण खरे लेखन-वाचन कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत होत असे. टाळेबंदीने ते सगळे घरात आणले. सुनावण्या व्हिडिओवरून सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या मे महिन्यात काळा कोट आणि गाऊन तात्पुरता माफ करून पांढरा शर्ट आणि गळ्याशी पांढरी पट्टी पुरेशी ठरवली होती, पण पट्टीमागे भिंतीवरची घोरपडीसारखी पसरलेली ओल न्यायमूर्तींना दिसू नये, अशी काकांची इच्छा होती. बैठकीचे रीतसर ऑफिस करावे असे त्यांच्या पुण्याच्या मुलाने सुचवले आणि काम माझ्याकडे आले.

पहिल्या खेपेला मी काय केले ते सांगितले पाहिजे, कारण ते मी त्याआधी वीस-पंचवीस घरांत केले होते आणि त्याची मला फुशारकीही होती. माझ्याकडे एक छापील प्रश्नावली असे. आवडता रंग कोणता, छंद कोणते, स्वतःचे वर्णन तीन शब्दांत करा, असले प्रश्न त्यात होते. काकांनी रंगापुढे ‘कोणताही’, छंदापुढे ‘नाट्यसंगीत’ आणि तीन शब्दांपुढे ‘वकील, वकील, वकील’ असे लिहून दिले. मी त्यातून एक व्यक्तिमत्त्व रचले. गडद हिरवी भिंत, कारण कायद्याच्या पुस्तकांच्या तांबूस पाठी तिच्यावर उठून दिसतात; एका भिंतीवर तंबोऱ्याचे रेखाचित्र; पितळी कड्यांचे खण; आणि दारातून येणाऱ्याच्या अगदी समोर, ‘येथे एक ज्येष्ठ वकील बसतात’ हे न बोलता सांगणारे साडेपाच फुटी मेज. माळ्यावर काकांच्या वडिलांचे उतरत्या फळीचे, जमिनीवर ठेवून लिहायचे सागवानी डेस्क धूळ खात पडले होते. मी ते खाली काढले, पॉलिश केले, कोपऱ्यात स्टुलावर ठेवले आणि त्यावर मनीप्लँटची कुंडी मांडली. फोटो फार सुंदर आले.

त्या डिसेंबरातल्या दिवशी मी परत निघाले नाही. काकूंनी चहा टाकला आणि मी जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ तीन तास बसून राहिले. आजही मला वाटते की त्या खोलीचे खरे काम त्या तीन तासांत झाले.

काका डाव्या हाताने लिहितात. हे मी लहानपणापासून पाहत आले होते आणि तरीही माझ्या डोक्यात शिरले नव्हते. लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूने उजेड यावा हा नियम शाळेपासून आपल्या अंगात भिनलेला असतो. मीही खोलीतली उत्तरेची मोठी खिडकी त्यांच्या डाव्या हाताला येईल असे मेज मांडले होते. परिणाम असा, की त्यांच्याच हाताची सावली शाईच्या पेनाच्या टोकावर पडत होती. जेवणाच्या टेबलाशी खिडकी उजवीकडे होती. शिवाय ते खुर्चीवर नीट बसतच नाहीत. कोर्टात नसले की एक पाय खाली आणि एक दुमडलेला, आणि मसुद्यात गुंतले की पूर्ण मांडी. मी दिलेल्या भारी फिरत्या खुर्चीच्या हातांमध्ये मांडी मावत नव्हती, आणि मेजाच्या पुढच्या खणाला त्यांचा गुडघा आपटत होता. ‘आपटतो’ हे त्यांनी मला कधी सांगितले नसते; काकूंनी सांगितले, तेही आयोडेक्सची बाटली दाखवत.

तिसरी गोष्ट कळायला सर्वांत वेळ लागला. दर पंधरा-वीस मिनिटांनी काका उठत आणि फ्रिजशेजारी टांगलेल्या कालनिर्णयापाशी जाऊन बोटाने चौकटी मोजत. तारखांची त्यांची डायरी निराळी होती आणि ती खिशातच असे. पण मुदत ते डायरीत मोजत नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दिवाणी अपील करायला नव्वद दिवस मिळतात, इतर न्यायालयांत तीस. त्यातून निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात. हे वजाबाकीचे गणित काका महिन्याच्या पानावर, सुट्ट्यांच्या लाल चौकटींना बोट लावत, मनात पुटपुटत करतात. कालनिर्णय पूर्वी बैठकीत, दाराच्या आतल्या बाजूला एका जाड खिळ्यावर असायचे. हिरव्या भिंतीवर ते विद्रूप दिसेल म्हणून मी तो खिळा उपटून भोक बुजवले होते. काकूंनी कॅलेंडर स्वयंपाकघरात हलवले, आणि कॅलेंडरामागोमाग काकाही तिकडे गेले.

मी दुसऱ्या खेपेचे पैसे घेणार नाही असे त्याच दिवशी सांगितले. काकांनी सामानाचे पैसे देण्याचा हट्ट धरला आणि आमचा तह झाला.

या वेळी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि आधी जुनी वर्तमानपत्रे आणली. मेज जेवढे हवे तेवढ्या मापाचे कागद जमिनीवर चिकटपट्टीने चिकटवायचे, त्यावर घरातले कसलेही टेबल ठेवायचे आणि आठ दिवस तसेच वापरायचे, असे ठरवले. दर दोन दिवसांनी मी कागद सरकवत असे. शेवटी जी जागा ठरली ती कोणत्याही पुस्तकातल्या सल्ल्याच्या विरुद्ध होती: तोंड पश्चिमेला, समोर पुस्तकांची भिंत, उजव्या हाताला उत्तरेची खिडकी आणि पाठ थेट रस्त्याच्या दाराकडे. दाराकडे पाठ करून बसू नये, हे आम्हाला शिकवतातही आणि वास्तुशास्त्रवालेही सांगतात. काकू म्हणाल्याच, की पूर्वेला तोंड हवे. काका म्हणाले, “न्यायाधीशाचे तोंड माझ्याकडे असले म्हणजे झाले.” पण त्यांचे खरे कारण वेगळे होते. ओटल्यावर चप्पल काढण्याच्या आवाजावरून कोणता अशील आला हे त्यांना कळते. तो आल्या आल्या त्यांचा चेहरा वाचतो आणि मेजावर उघडी पडलेली दुसऱ्याची फाईलही वाचतो, या दोन्हींचा त्यांना जाच होत असे. पाठ दाराकडे असली की हातातले वाक्य पुरे करून, फाईल मिटून, मगच वळता येते. आणि अशिलाशी ते मेजाच्या पलीकडून बोलतच नाहीत. दाराजवळच्या लाकडी बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसतात. माझे साडेपाच फुटी मेज दोघांच्या मधे पसरले होते, आणि चाळीस वर्षांची त्यांची रीत त्याने मोडली होती.

उंचीचा हिशेब मी मिस्त्रींसोबत दोरी आणि टेप घेऊन बसून केला. आपल्याकडे मेज बहुधा तीस इंच उंच करतात आणि पाच फूट तीन इंचांच्या माणसाला खांदे उचलून लिहायला लावतात. काका खुर्चीवर मांडी घालून बसले असता कोपर जमिनीपासून सुमारे अठ्ठावीस इंचांवर आले. तेव्हा मला कोपऱ्यातल्या उतरत्या डेस्काची आठवण झाली. त्याची पुढची कड बरोबर तीन इंच उंच होती. मेज साडेपंचवीस इंचांचे केले आणि त्यावर ते डेस्क ठेवले, तर लिहायची कड साडेअठ्ठावीसवर येत होती, खाली मांडी सुटी राहत होती, आणि बारा-पंधरा अंशांच्या उतारामुळे मान वाकवावी लागत नव्हती. कुंडी मी स्वतः उचलून ओटल्यावर नेली. फळीवरचे माझे चकचकीत पॉलिशही खरवडून काढावे लागले, कारण त्यावरून कागद घसरत होता. खाली वडिलांच्या हातची शाईची वर्तुळे होती, ती तशीच ठेवली. काकांनी फळीवरून हात फिरवला आणि विचारले, “हे आता लिहायचे आहे ना? की बघायचे?”

मेजाखाली खण नाही. खण सगळे उजव्या बाजूच्या उभ्या कपाटात गेले. खुर्ची बिनहातांची, बावीस इंच रुंद बैठकीची, वेताची विणलेली. फिरती चाके नाहीत, कारण मांडीवाल्याला चाके पळवून नेतात.

पुस्तकांच्या भिंतीबाबत माझी दुसरी नामुष्की आहे. ऑल इंडिया रिपोर्टरचे बांधीव खंड काकांकडे त्यांच्या वडिलांपासूनचे आहेत. नागपुराहून निघणाऱ्या या मालिकेत १९१४ पासूनचे न्यायालयांचे निकाल आहेत, आणि वकिलाच्या घरात ती भिंतीइतकीच जुनी असते. असे खंड एका मीटर फळीवर उभे केले की तीस-चाळीस किलो वजन सहज होते. पहिल्या खेपेला, दिसायला मोकळे वाटावे म्हणून, मी अठरा मिलिमीटर प्लायच्या तीन-तीन फुटी फळ्या आधाराशिवाय लावायला सांगितल्या होत्या. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, “मॅडम, ये पेट निकालेगी.” मी ऐकले नाही, आणि दोन महिन्यांत फळ्यांनी खरोखरच पेट काढले. आता दर दोन फुटांवर उभा आधार दिला आणि पुढच्या कडेला दीड इंचाची सागाची पट्टी जडवली. ती शोभेची वाटते, पण फळीला ताठ धरण्याचे काम तीच करते. खंडांचा क्रम मात्र काकांनी स्वतः लावला. वर्षाप्रमाणे नाही, तर हात किती वेळा जातो त्याप्रमाणे: नेहमीचे डाव्या हाताच्या टप्प्यात, बसल्या जागेवरून. दुसऱ्या कोणाला त्यात काही सापडणार नाही.

इतके करूनही २०२१ च्या जुलैत त्याच भिंतीने मला पुन्हा बोलावले. माळव्यातला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, बाहेरच्या गिलाव्याला तडे होते, आणि मी कपाट भिंतीला चिकटवून ठोकले होते. खालच्या दोन खणांच्या पाठीला बुरशी आली. तडे भरून, कपाट भिंतीपासून दीड इंच पुढे ओढून, वर-खाली हवा खेळेल अशी फट ठेवल्यावर ते थांबले. जुन्या घरात पश्चिमेच्या भिंतीला कधीही लाकूड थेट टेकवू नये, हे मला माहीत नव्हते असे नाही. तारखेची घाई होती.

व्हिडिओची सुनावणी ही वेगळीच बाब निघाली. मी आधी पुस्तकांची भिंत कॅमेऱ्यात पाठीमागे येईल अशी मांडणी केली होती, कारण त्या काळात ज्याच्या-त्याच्या मागे पुस्तके दिसत. आता पुस्तके समोर गेली. मग उत्तरेच्या खिडकीखाली, भिंतीला बिजागरीने जोडलेली, वापर नसताना खाली पडणारी सोळा इंची फळी केली. तिच्यावर लॅपटॉप ठेवून बसले की खिडकीचा सौम्य उजेड थेट चेहऱ्यावर येतो आणि मागे दक्षिणेची साधी, फिक्या रंगाची भिंत राहते. उन्हाळ्यातले सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन सोडले, तर ही खिडकी दिवसभर एकसारखा उजेड देते. तिथे मी वेगळी, सरळ पाठीची खुर्ची ठेवली. एकच खुर्ची दोन्हीकडे चालली असती, पण काकांनीच ती मागितली. “कोर्टापुढे मी मांडी घालत नाही.”

त्या दिवसांत मी संध्याकाळी माणिकबागेचे जुने फोटो पुन्हा पाहत असे. यशवंतराव होळकर (दुसरे) विशीत असताना त्यांनी एकार्ट मुथेसियुस या जर्मन वास्तुकाराकडून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो राजवाडा घडवून घेतला. अभ्यासिकेतले मेज पॅरिसच्या एमिल-जाक रुलमान यांचे, एक खुर्ची आयलीन ग्रे यांची. सगळी मंडळी त्या काळातली सर्वांत आधुनिक. आमच्या पेशातले लोक या यादीवर भाळतात, आणि इंदुरातले बरेच श्रीमंत अशील ‘माणिकबागेसारखे काहीतरी’ मागतात. मी मात्र त्या दिवसांत एकाच फोटोपाशी थांबत होते: ग्रंथालयातल्या त्या लाल आरामखुर्च्या, ज्यांच्या बांधणीतच मुथेसियुसने वाचनाचे दिवे बसवले होते. तो राजा खुर्चीत रेलून वाचत असणार आणि पानावर उजेड कुठून यावा हे कोणीतरी बारकाईने पाहिले असणार, असे मला त्या खुर्च्या पाहून वाटते. १९८० साली त्या सामानाचा लिलाव माँटे कार्लोत झाला, वस्तू जगभर पांगल्या, आणि राजवाड्यात केंद्रीय करखात्याची कचेरी आहे. त्या खुर्च्यांत आता कोणी वाचत असेल असे वाटत नाही. त्या बहुधा पाहिल्याच जात असतील.

रामबागेनंतर मी कोणतेही घर आवरलेले पाहायला जात नाही. फोनवरच सांगते, की मी येणार म्हणून काही उचलून ठेवू नका. विचारायचे असते ते एवढेच, की काल शेवटचे काम कुठे बसून केले आणि रोज कोणती वस्तू शोधताना चिडचिड होते.

निपानियाच्या एका फ्लॅटमधली आयटीतली मुलगी आठवते. नवरा बँकेत, मुलगा पाच वर्षांचा, आणि हिचे अमेरिकेशी बोलणे संध्याकाळी साडेसातनंतर. तिने मला मोबाइलवर पन्नास पांढऱ्याशुभ्र खोल्यांचे फोटो दाखवले होते. मी एक संध्याकाळ तिच्याकडे बसले, तर कानाला हेडफोन लावून ती दीड तास चालतच होती. कपाटापासून खिडकीपर्यंत नऊ फूट, एकाआड एक फरशीवर पाऊल, खिडकीशी वळताना हात ग्रिलला लागायचा. अवघड प्रश्न आला की चाल वाढायची. मी तिला म्हटले, तुला मेज नको, रस्ता हवा. अठरा इंच खोलीचे छोटे मेज कोपऱ्यात ढकलले, पलंग भिंतीला लावला आणि ते नऊ फूट पूर्ण मोकळे ठेवले. पांढरा रंग तिच्या समाधानासाठी दिला. दारावर मुलासाठी लाल-हिरवा गोल लावला, त्याला तो पहिल्या आठवड्यातच वाचता येऊ लागला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याने तो स्वतःच्या खेळण्यांच्या खोक्याला लावून टाकला.

सगळेच जमते असे नाही. एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात मी एक आख्खी संध्याकाळ बसून राहिले आणि मला कळले की त्यांचे सगळे काम गाडीत, मागच्या सीटवर, फोनवर होते. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना राग आला. त्यांना मान्यवरांसोबतच्या बेचाळीस फोटोंची भिंत हवी होती, ती करून दिली. दुपारी ते तिथे छान झोपतात असे त्यांचा ड्रायव्हर सांगतो.

काकांच्या खोलीत शेवटचे काम खिळ्याचे होते. बुजवलेले भोक मला सापडेना. रंगाखाली ते अगदी नाहीसे झाले होते, आणि पूर्वी त्या कामाचा मला अभिमान वाटला होता. काकांनी डोळे मिटले, मेजाशी बसल्याजागी डावा हात वर केला आणि बोट टेकवून म्हणाले, “इथे.” पण ती जागा जुन्या दाराशी नव्हती. नव्या बसण्याप्रमाणे कॅलेंडर आता पुस्तकांच्या कपाटाच्या उभ्या कडेवर हवे होते. मिस्त्रींनी तिथे दोन इंची खिळा ठोकला. नवीन सागाच्या पट्टीवर.

उजव्या बाजूच्या कपाटाचे मात्र माझे चुकले. डावखुऱ्या माणसाचे खण डावीकडे हवेत, हे सगळे शिकूनही मी ते सवयीने उजवीकडे केले. काका ते उघडतच नाहीत. सहा महिन्यांनी मी गेले तेव्हा वरच्या खणात काकूंच्या पापड-कुरडयांच्या ऑर्डरींच्या वह्या, पावतीपुस्तक आणि रबरबँडात बांधलेल्या नोटा होत्या. काका कोर्टात गेले की अकरा ते चार काकू तिथे बसतात, त्या उतरत्या डेस्कावर हिशेब लिहितात, आणि उजव्या हाताने लिहीत असल्यामुळे टेबललॅम्प ओढून डावीकडे घेतात. संध्याकाळी काका तो परत उजवीकडे नेतात. वायर आखूड पडते आणि रोज कुरबुर होते. येत्या रविवारी इलेक्ट्रिशियनला घेऊन जाणार आहे. डावीकडे आणखी एक प्लग पॉइंट काढायचा आहे, आणि काकूंच्या कोपराची उंचीही मोजायची आहे.